मैद्याच्या पोत्यामागची नभोवाणी

अमेरिकेतील नभोवाणी केंद्रांची नोंद सरकारदप्तरी अक्षरांनी होते, आणि काही जुनी केंद्रे अपवाद म्हणून सोडली तर तेथे असा दंडक आहे की, मिसिसिपी नदीच्या पूर्वेकडील केंद्राचे पहिले अक्षर ‘डब्ल्यू’ असावे व पश्चिमेकडील केंद्राचे ‘के’. आर्कान्सा राज्यातील हेलेना हे गाव या महानदीच्या अगदी पश्चिम काठावर, पुराचे पाणी अडविणाऱ्या मातीच्या उंच बांधाला पाठ लावून वसलेले असल्यामुळे, १९४१ च्या अखेरीस तेथे जे लहानसे व्यापारी केंद्र निघाले त्याच्या वाट्याला ‘केएफएफए’ ही अक्षरे आली. गावाची वस्ती तेव्हा दहा हजारांच्या आतली; नदीवर बंदर, बंदरावर कापसाच्या गासड्या आणि बंदरामागे दुकाने, गुत्ते व वखारी. अशा आडबाजूच्या गावातील एका केंद्राने पुढे अर्ध्या जगाच्या संगीताला वळण लावले, आणि ते लावताना केंद्राच्या चालकांच्या मनात संगीतसेवेचा विचार फारसा नसून मैदा कसा खपवावा हीच प्रमुख विवंचना होती.

व्यापारी नभोवाणी म्हणजे काय, हे आरंभीच सांगितले पाहिजे. कारण ज्या देशात नभोवाणी सरकारी खात्याच्या छत्राखाली वाढली आणि रेडिओ घरात ठेवायचा तर टपाल कचेरीत जाऊन परवान्याचे पैसे भरावे लागत, त्या देशातील वाचकाला ही व्यवस्था सहजी उमगत नाही. इंग्लंडात श्रोत्यांनी भरलेल्या परवानाशुल्कावर नभोवाणी चालली. अमेरिकेत श्रोत्यांकडून छदामही न घेता तिचा सारा खर्च जाहिरातदारांवर टाकण्यात आला. २८ ऑगस्ट १९२२ रोजी न्यूयॉर्कच्या ‘डब्ल्यूईएएफ’ केंद्राने एका गृहबांधणी कंपनीच्या माणसाला दहा मिनिटे बोलू दिले व त्याबद्दल पन्नास डॉलर घेतले. पैसे घेऊन केलेली पहिली जाहिरात म्हणून इतिहासकार बहुधा हिचाच दाखला देतात. त्या वेळचे व्यापारमंत्री हर्बर्ट हूवर यांना हा प्रकार मुळीच रुचला नव्हता, आणि लोकसेवेचे एवढे मोठे साधन जाहिरातीच्या बडबडीत बुडू देऊ नये असे त्यांनी बोलूनही दाखविले. परंतु पैशाचा दुसरा मार्ग कोणीच सुचवीत नव्हते, म्हणून दहा वर्षांच्या आत जाहिरात हाच तेथील नभोवाणीचा पाया होऊन बसला. मोठ्या शहरांतील केंद्रांना साबण, सिगारेट आणि मोटारी यांचे देशव्यापी जाहिरातदार मिळत. लहान गावातील केंद्राला मिळे तो गावातलाच व्यापारी: बियाणेवाला, औषधविक्या, गाद्यागिरद्यांचा दुकानदार, किंवा हेलेनात मिळाला तसा घाऊक किराणाव्यापारी.

हेलेना हे फिलिप्स काउंटीचे मुख्य ठाणे. या प्रदेशाला ‘डेल्टा’ म्हणतात. नदीने हजारो वर्षे आणून टाकलेल्या काळ्या गाळाची ही सपाट भूमी कापसाला अतिशय मानवते, आणि जमीन गोऱ्या मळेवाल्यांची व मेहनत काळ्या बटाईदारांची अशी वाटणी गुलामगिरी संपल्यावरही तेथे कायम राहिली. बटाईदाराचे बी, खत, मीठ-पीठ सारे मळ्याच्या दुकानातून उधारीवर येई, वही दुकानदाराच्या हाती असे, आणि हंगामाअखेर हिशेब झाला की बाकी बहुधा कुळाच्याच अंगावर निघे. १९१९ साली या काउंटीतील एलेन गावाजवळ काळ्या बटाईदारांनी कापसाला रास्त भाव मागण्यासाठी संघटना बांधली, तेव्हा त्यांची सभा चालू असता गोळीबार झाला व त्यातून जे हत्याकांड उसळले त्यात शंभराहून अधिक कृष्णवर्णीय मारले गेले असावेत, असा बऱ्याच इतिहासकारांचा अंदाज आहे. नंतर हेलेनाच्या न्यायालयात बारा काळ्या माणसांना घाईघाईने फाशीची शिक्षा फर्माविण्यात आली. ती अखेर अमलात आली नाही याचे श्रेय पुष्कळसे १९२३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालाला आहे. ही हकिकत येथे मुद्दाम सांगितली, कारण ज्या गावाने बावीस वर्षांपूर्वी हे पाहिले त्याच गावात रोज दुपारी दोन काळ्या गायकांचा आवाज गोऱ्यांच्याही घरांत निमूटपणे ऐकला जाऊ लागला, ही घटना किती अनपेक्षित होती हे त्यावाचून ध्यानात येणार नाही.

केंद्राचे यंत्र अल्पशक्तीचे होते. पण मध्यमलहरींचा स्वभाव असा की, दिवसा त्या जमिनीला बिलगून प्रवास करतात, आणि जमीन जितकी ओलसर व सपाट तितक्या त्या कमी क्षीण होऊन दूर जातात. खडकाळ डोंगराळ मुलुखात त्याच शक्तीच्या लहरी थोड्याच मैलांत गारद होतात. कापसाला जी गाळाची जमीन मानवली तीच लहरींनाही मानवली, आणि नदीला परवाना विचारण्याचे कारण नसल्याने पलीकडच्या मिसिसिपी राज्यातील मळ्यांवरही हेलेनाचा आवाज पोहोचू लागला.

केंद्राच्या संस्थापकांपैकी सॅम अँडरसन हे कारभार पाहत असता ॲलेक मिलर नावाचा एक माउथ ऑर्गन वाजविणारा आणि रॉबर्ट लॉकवूड नावाचा गिटारवादक असे दोघे त्यांच्याकडे येऊन, आम्हाला रेडिओवर वाजवू द्या, म्हणाले. लॉकवूडच्या आईबरोबर ब्लूज या काळ्यांच्या लोकसंगीताचा विख्यात गायक रॉबर्ट जॉन्सन काही काळ राहत असे व त्याच्याकडूनच लॉकवूड गिटार शिकला होता. मिलर मात्र वर्षानुवर्षे गावोगाव, चव्हाट्यावर आणि गुत्त्यांत वाजवीत हिंडलेला, वय नक्की सांगता न येणारा, धूर्त व फटकळ माणूस. अँडरसन यांनी त्यांना वाटेला न लावता, आधी प्रायोजक आणा असे सांगून ‘इंटरस्टेट ग्रोसर कंपनी’चे मालक मॅक्स मूर यांच्याकडे धाडले. मूर यांची वखार घाऊक किराण्याची, आणि ‘किंग बिस्किट’ या छापाचा मैदा ते विकत असत. अमेरिकेच्या दक्षिणेत बिस्किट म्हणजे चहाबरोबरची खुसखुशीत चकती नसून मैद्यात चरबी व ताक घालून भट्टीत फुलविलेला मऊ पाव, जो गरिबाच्या घरीही न्याहारीला लागे. तेव्हा मैद्याचे खरे गिऱ्हाईक काळे बटाईदारच आहेत आणि वर्तमानपत्रातील जाहिरात त्यांच्यापर्यंत जात नाही, हा हिशेब मूर यांच्यासारख्या व्यापाऱ्याला कोणी शिकवायला नको होता. त्यांनी होकार दिला. २१ नोव्हेंबर १९४१ रोजी ‘किंग बिस्किट टाइम’ हा कार्यक्रम सुरू झाला, आणि त्यानंतर सोळाच दिवसांनी पर्ल हार्बरवर बॉम्ब पडून देश युद्धात उतरला.

कार्यक्रम पाव तासाचा, दुपारी सव्वाबाराला. ही वेळ निवडण्यातच सारी व्यापारबुद्धी होती. कारण दुपारी मळ्यावरची माणसे खेचरे सोडून जेवायला येत, आणि तेवढ्या सुटीत ज्या खोपीत रेडिओ असेल त्या खोपीपुढे शेजारपाजार जमे. विजेचे नाव नको. १९३५ च्या सुमारास अमेरिकेतील दहा शेतघरांपैकी जेमतेम एका घरी वीज होती व डेल्टातील काळ्यांच्या वस्त्यांत तेवढीही नव्हती, म्हणून रेडिओ चालत तो बॅटरीवर, आणि बॅटरी पुरवून वापरायची असल्याने घटका-दोन घटका ऐकून तो बंद करण्यात येई. अशा काटकसरीच्या श्रवणात सव्वाबाराचा पाव तास ठरलेला असे. पाव तासाची घडण अशी: निवेदकाची आरोळी, सुरावटीची सलामी, मैद्याच्या शुभ्रपणाची व हलकेपणाची तारीफ, एक-दोन गाणी, पुन्हा मैदा, पुन्हा गाणे, आणि शेवटी आज रात्री ही मंडळी कोणत्या गावी कोणाच्या गुत्त्यात वाजविणार आहेत याची वर्दी. ही वर्दी हाच वादकांचा खरा मेहनताना होता. केंद्राकडून व व्यापाऱ्याकडून हाती पडे ते बेताचेच. पण रोज दुपारी फुकट दवंडी पिटली जात असल्यामुळे रात्रीच्या बैठकीला गर्दी लोटे व खिसा तेथे भरे. लॉकवूडच्या हाती विजेची गिटार होती, आणि डेल्टातील पुष्कळ तरुणांनी ते वाद्य आयुष्यात प्रथम ऐकले ते याच पाव तासात. पुढे ढोलावर ‘पेक’ कर्टिस आला, पियानोवर कधी डडलो टेलर तर कधी पाइनटॉप पर्किन्स बसला, आणि दोघांचा ताफा ‘किंग बिस्किट एंटरटेनर्स’ या नावाने आसपासच्या गावांतील किराणादुकानांपुढेही उभा राहून वाजवू लागला.

मैदा खपला, आणि चांगला खपला. मूर यांनी नंतर मक्याच्या पिठाचा नवा छाप काढला तेव्हा मिलरने वाजविताना घेतलेले नावच त्याला दिले: ‘सनी बॉय कॉर्न मील’, पोत्यावर चित्र कशाचे, तर मक्याच्या कणसावर बसलेल्या मिलरचे. ज्या प्रदेशात काळ्या माणसाने पदपथावरून गोऱ्याला वाट करून द्यायची, तेथे एका हयात काळ्या माणसाची तसबीर नावानिशी पोत्यावर छापून घरोघर जावी, यातील विसंगती मूर यांना जाणवली असेल की नाही कोण जाणे. खपाचे आकडे मात्र त्यांना खास जाणवले असणार.

या नावाची भानगडही मौजेची आहे. सनी बॉय विल्यमसन नावाचा एक नामांकित माउथ ऑर्गनवादक शिकागोत आधीच होता, त्याचे पूर्ण नाव जॉन ली विल्यमसन, आणि त्याच्या ध्वनिमुद्रिका डेल्टात आवडीने ऐकल्या जात. मिलरने तेच नाव बिनदिक्कत उचलले, आणि मूळ पुरुषाचा १९४८ साली शिकागोत खून झाल्यावर तर हा आपणच पहिला असे सांगत फिरू लागला. चरित्रकारांना अखेर राजघराण्याप्रमाणे पहिला सनी बॉय व दुसरा सनी बॉय अशी गणती करावी लागली. माझे मत विचाराल तर, उसने नाव घेतलेल्या या दुसऱ्याची वाद्यावरील हुकमत इतकी स्वयंभू होती की त्याला उसनवारीची काहीच गरज नव्हती.

एका वखारवाल्याचा लाभ झाला की दुसरे स्वस्थ बसत नाहीत. प्रतिस्पर्धी ‘ब्राइट स्टार’ मैद्यानेही केएफएफएवरच वेळ विकत घेऊन रॉबर्ट नाइटहॉक या गिटारवादकाला उभे केले. गावोगावच्या तरुण वादकांना यातून उमजले की ब्लूज हा रात्रीच्या गुत्त्याबाहेरही पोटाचा धंदा होऊ शकतो. मिसिसिपीतील इंडियानोला गावाजवळच्या मळ्यावर राबणारा रायली किंग हा पोरगा दुपारच्या सुटीत हाच कार्यक्रम ऐकत असे. १९४८ मध्ये तो नदी ओलांडून वेस्ट मेंफिसला गेला, तेथील केंद्रावर सनी बॉयच्या कार्यक्रमात त्याने गाण्याची संधी मागून घेतली, आणि लवकरच मेंफिसच्या ‘डब्ल्यूडीआयए’ केंद्रावर ‘पेप्टिकॉन’ नावाच्या एका बाटलीबंद शक्तिवर्धकाची जाहिरात गात गात तो बी. बी. किंग झाला. हे ‘डब्ल्यूडीआयए’ही व्यापारी हिशेबाचेच अपत्य. बर्ट फर्ग्युसन आणि जॉन पेपर या गोऱ्या मालकांचे केंद्र तोट्यात चालले असता, मेंफिसमधील काळ्या श्रोत्यांना कोणीच वाली नाही हे हेरून त्यांनी १९४८ पासून नॅट विल्यम्स या काळ्या शिक्षकाला निवेदक नेमले आणि हळूहळू सारा कार्यक्रमच काळ्या श्रोत्यांसाठी वाहिला. १९५४ साली त्याच केंद्राला पन्नास हजार वॅटचे यंत्र बसविण्याची ऐपत आली.

यावरून व्यापार हा न्यायाचा अग्रदूत आहे असा निष्कर्ष काढणारे लेखक अमेरिकेत आहेत, आणि मला ते पुरते पटत नाहीत. मूर यांनी काळ्या वादकांना ध्वनिक्षेपकापुढे बसविले हे खरे. परंतु त्याच काळात हेलेनातील शाळा, उपाहारगृहे व चित्रपटगृहे वर्णभेदानेच चालत होती आणि नभोवाणीवरील पाव तासाने त्यातील एकही दार उघडले नाही. बटाईदाराचा पैसा हवा म्हणून त्याच्या आवडीचे गाणे ऐकविणे, आणि बटाईदाराचा हिशेब चोख करणे, या दोन वेगळ्या गोष्टी होत. पण उलट बाजूने हेही नाकबूल करता येत नाही की, चर्च, विद्यापीठ आणि सरकार यांपैकी ज्यांना संस्कृतीच्या जोपासनेचा अधिकार होता, त्यांच्यापैकी कोणीही हे संगीत रोज नियमाने प्रसृत केले नाही; ते एका किराणाव्यापाऱ्याने केले. जमाखर्चाच्या वहीत ही रक्कम मूर यांच्या नावे जमेस धरावी, मात्र तिच्यापुढे परोपकार असा शेरा मारू नये.

नभोवाणी पसरली, तशी तिच्या पायाखालची भूमी सरकत होती. २ ऑक्टोबर १९४४ रोजी हेलेनापासून फार दूर नसलेल्या क्लार्क्सडेलजवळच्या हॉप्सन मळ्यावर कापूस वेचणाऱ्या यंत्रांचे जाहीर प्रात्यक्षिक झाले, आणि अनेक माणसांचे दिवसभराचे काम एक यंत्र करू शकते हे मळेवाल्यांनी डोळ्यांनी पाहिले. वेचणीला माणसे नकोत म्हटल्यावर बटाईदार आगगाडीत बसून शिकागो व डेट्रॉइटच्या कारखान्यांकडे निघाले. त्यांच्याबरोबर त्यांचे ब्लूजही गेले, आणि शिकागोत विजेच्या वाद्यांवर त्याचे जे रूप घडले तेच पुढे इंग्लंडातील तरुणांच्या हाती लागून रॉक संगीताचा एक मूळ झरा ठरले. श्रोता निघून गेल्यावर गावातील केंद्राने मैदा कोणाला विकावा? उरलेल्या वस्तीला कारखान्यांचा आधार होता तोही टिकला नाही. वेस्ट हेलेनातील टायरचा कारखाना १९७९ मध्ये बंद पडला.

मिलर, म्हणजे दुसरा सनी बॉय, १९४० च्या दशकातच या कार्यक्रमातून निघून भटकंतीला लागला होता. तो अधूनमधून परत येई आणि पुन्हा जाई. १९६३ व १९६४ साली तो युरोपात गेला, यार्डबर्ड्स आणि ॲनिमल्स यांसारख्या इंग्रज तरुणांच्या तुकड्यांबरोबर वाजविले, दोन रंगांचा अर्धा-अर्धा शिवलेला सूट आणि गोल टोपी घालून मिरवला. आणि १९६५ मध्ये हेलेनाला परतून पुन्हा सव्वाबाराच्या कामावर हजर झाला. युरोपच्या त्याच्या कथांवर गावातील फार थोड्यांचा विश्वास बसला म्हणतात. २५ मे १९६५ रोजी प्रसारणाची वेळ होत आली तरी तो आला नाही म्हणून पेक कर्टिस त्याच्या बिऱ्हाडी पाहायला गेला, तेव्हा तो खोलीत मृत आढळला.

वादक गेले तशा त्यांच्या जागी ध्वनिमुद्रिका आल्या, पण निवेदक टिकला. ‘सनशाइन’ सनी पेन हा हेलेनाचाच गृहस्थ. सैन्यातील नोकरी आणि वादनाची भटकंती उरकून १९५१ मध्ये तो या कार्यक्रमाचा निवेदक झाला, आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये, वयाच्या ९२ व्या वर्षी मरण पावेपर्यंत निवेदकच राहिला. ऐंशीच्या दशकात काही वर्षे कार्यक्रम बंद होता. १९८६ मध्ये तो पुन्हा चालू झाला, त्याच वर्षी गावात त्याच्या नावाचा ब्लूज महोत्सवही सुरू झाला. पुढे चेरी स्ट्रीटवरील डेल्टा कल्चरल सेंटर या संग्रहालयात पाहुण्यांसमोर बसून पेन प्रसारण करू लागला. १९९२ चा पीबडी पुरस्कार त्याला लाभला, आणि १३ मे २०१४ रोजी कार्यक्रमाचे सतरा हजारावे प्रसारण झाले.

आपल्याकडे या कथेचे धागे फार लांब नाहीत. मुंबईत २३ जुलै १९२७ रोजी सुरू झालेले केंद्र खाजगी कंपनीचेच होते. ती कंपनी १९३० मध्ये बुडाली आणि नभोवाणी सरकारी झाली. मग व्यापारी नभोवाणीची हौस आपण परदेशी केंद्रावर भागविली: रेडिओ सिलोनवर १९५२ पासून गाजलेल्या गीतमालेच्या नावातच दंतधावनाच्या मलमाचा छाप होता, किंग बिस्किटच्या रीतीने. सरकारी विविध भारतीवर जाहिराती आल्या त्या १ नोव्हेंबर १९६७ पासून, आणि त्याही प्रथम मुंबई, पुणे व नागपूर या तीन केंद्रांवर.

हेलेनातील पहिल्या वर्षांची प्रसारणे थेट होत आणि ती मुद्रित करून ठेवण्याचे कोणाला सुचले नाही. १९६५ च्या मे महिन्यात ख्रिस स्ट्राखविट्झ या संग्राहकाने एक प्रसारण ध्वनिफितीवर घेतले म्हणून सनी बॉयचा त्या खोलीतला आवाज आज ऐकता तरी येतो. आपल्या प्रायोजित कार्यक्रमांच्या फितीही जाहिरात कचेऱ्यांच्या माळ्यांवर, निवृत्त निवेदकांच्या कपाटांत आणि हौशी श्रोत्यांच्या ट्रंकांत पडलेल्या असतील. ज्यांच्याकडे त्या असतील त्यांनी पावसाळ्याची ओल लागण्यापूर्वी त्या एखाद्या संग्रहालयाच्या किंवा आकाशवाणीच्या स्वाधीन कराव्यात, आणि जाहिराती मधून कापून टाकू नयेत.